बाबा चार महिन्यांत चालू लागले, मग आई का नाही?

प्रश्न नागपुरातल्या एका ४२ वर्षांच्या गृहस्थांचा आहे. वडिलांना ५८व्या वर्षी लकवा मारला, डावा हात-पाय गेला, पण चार महिन्यांत ते काठीशिवाय चालू लागले. यंदाच्या मे महिन्यात आईला झटका आला. वय ७१. सकाळी अकराच्या सुमारास हातातलं भांडं पडलं, बोलणं अडखळलं. ऊन लागलं असेल म्हणून घरच्यांनी पन्हं पाजून झोपवलं आणि संध्याकाळी दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सहा महिने होत आले तरी आधाराशिवाय त्या पलंगावरून उतरत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर ‘हृदयाचे ठोके अनियमित’ असंही लिहिलेलं आहे. दोघांनाही गुठळीमुळेच स्ट्रोक झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. तर ते विचारतात, “बायकांना हा आजार जास्त जड जातो का? माझी बहीण ३४ वर्षांची आहे, तिला अर्धशिशी आहे आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. तिला धोका आहे का? आणि मला?”

मी नागपुरातच मेंदूविकारांची प्रॅक्टिस करतो. आधी सरळ उत्तर देतो. हो, सरासरी पाहिली तर लकव्यानंतर बायकांची अवस्था पुरुषांपेक्षा वाईट राहते. पण तुमच्या आई-बाबांच्या तुलनेतून हे सिद्ध होत नाही. दोघांच्या वयात तेरा वर्षांचा फरक. झटक्याची जात वेगळी, दवाखान्यात पोचायला लागलेला वेळ वेगळा, आणि घरी आल्यावर उशाशी बसणारं माणूसही वेगळं. बाई असण्याचा परिणाम आहेच, पण माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा या बाकीच्या गोष्टींच्या आडून होतो. त्यातल्या काही आपल्या हातातल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी धोका कुणाला किती ते पाहू. २५ वर्षांच्या माणसाला उरलेल्या आयुष्यात कधी ना कधी स्ट्रोक होण्याची शक्यता किती, याचा जागतिक अंदाज २०१६ च्या आकडेवारीवरून काढला गेला होता. स्त्रियांसाठी तो २५.१ टक्के आला आणि पुरुषांसाठी २४.७ टक्के. म्हणजे दोघांतही जवळपास चारातल्या एकाला. ‘हा पुरुषांचा आजार’ हा समज इथेच सोडून द्यायला हरकत नाही. फरक आहे तो वयाचा. चाळिशी ते पासष्टीच्या पट्ट्यात पुरुष जास्त सापडतात. बायकांना पाश्चात्त्य नोंदींप्रमाणे सरासरी चार-पाच वर्षं उशिरा झटका येतो, आणि ऐंशीच्या पुढे त्यांचं पारडं जड होतं. तरुण वयात, गरोदरपण आणि बाळंतपणाच्या काळात, बायकांच्या धोक्याचा एक वेगळा उंचवटा असतो. त्याबद्दल बहिणीच्या निमित्ताने लिहितोच.

भारतातल्या बहुतेक रुग्णालयांच्या नोंदींत पुरुष रुग्ण जास्त दिसतात. त्यातला काही भाग खरा आहे, कारण आपल्याकडे मध्यमवयात स्ट्रोक होणारे खूप आहेत. पण रुग्णालयाची नोंद म्हणजे रुग्णालयापर्यंत आणलेल्यांची नोंद. उमरेड-भिवापूरकडच्या एखाद्या सत्तरीच्या आजीचं तोंड वाकडं झालं आणि गावातच सलाइन लावून, तेलाने चोळून ती पडून राहिली, तर ती कुठल्याच रजिस्टरात येत नाही.

आता तुमच्या आईचं. कागद पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण वर्णनावरून अंदाज बांधता येतो. उजवी बाजू आणि वाचा एकदम जाणं म्हणजे बहुधा डाव्या मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली. सोबत हृदयाचे ठोके अनियमित. हे बहुधा एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता थरथरत राहतो, त्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती सुटून थेट मेंदूत जाते. गुठळी मोठी, त्यामुळे अडते तीही मोठ्या वाहिनीत. बाबांना मात्र, चार महिन्यांत ते चालू लागले म्हणजे, बीपीमुळे खराब झालेली एखादी बारीक वाहिनी बंद पडली असण्याची शक्यता जास्त. सीताबर्डीतली एखादी गल्ली बंद होणं आणि वर्धा रोड बंद होणं यात जेवढा फरक, तेवढा या दोन झटक्यांत आहे. कागदावर मात्र दोन्हीकडे ‘इस्केमिक स्ट्रोक’, म्हणजे वाहिनी बंद पडून झालेला स्ट्रोक, एवढंच लिहिलेलं असतं.

या अनियमित ठोक्यांमुळे स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो. वय वाढेल तसा हा विकार वाढतो, आणि उतारवयात बायका जास्त उरतात, म्हणून म्हाताऱ्या बायकांच्या स्ट्रोकमध्ये त्याचा वाटा मोठा दिसतो. ठोके अनियमित असलेल्या बायकांना रक्त पातळ करणारी गोळी कमी वेळा दिली जाते, हे अनेक देशांत दिसलंय. “वय झालंय, पडली तर रक्तस्राव होईल” ही भीती त्यामागे असते. भीती अगदी खोटी नाही, पण बहुतेक रुग्णांत तोलून पाहिलं तर गोळीचा फायदाच जास्त निघतो. नुसती ॲस्पिरिन या कामाला पुरत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारावी लागते. लहानपणी रुमॅटिक ताप येऊन हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण विदर्भात अजून बरेच दिसतात, आणि त्यात बायका जास्त. कित्येकींना गरोदरपणात धाप लागेपर्यंत माहीतच नसतं. झडप चांगलीच अरुंद असेल आणि ठोकेही अनियमित असतील, तर जुन्या पद्धतीची गोळी, म्हणजे वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम, हीच योग्य. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासत राहण्याची कटकट धरूनही. नव्या गोळ्यांपैकी रिव्हारोक्साबानची अशा रुग्णांत वॉरफेरिनच्या जातीच्या गोळ्यांशी तुलना झाली. २०२२ साली निकाल आला आणि जुनी गोळीच सरस ठरली. म्हणून आईचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाय का आणि त्यात झडपेबद्दल काय लिहिलंय, हे पाहा.

आता वेळेचा मुद्दा. तो थोडा बोचेल, पण टाळता येत नाही.

मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळिशीला टेकला की चक्कर, उलटी, बडबड, सगळ्याचं खापर उन्हावर फुटतं. ऊन लागलं तर माणूस गोंधळतो, बेशुद्धही होतो, पण ऊन एका बाजूचाच हात लुळा पाडत नाही आणि तोंड एका बाजूला ओढत नाही. तसं दिसलं की पन्हं, कांद्याचा रस काहीही तोंडात घालू नका. गिळण्याचे स्नायूही गेलेले असू शकतात, आणि पन्हं पोटाऐवजी फुप्फुसात जातं. मग लकव्यावर न्युमोनिया. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी बंद असेल तर कॅथेटर घालून गुठळी ओढून काढता येते. ते सहा तासांपर्यंत, आणि निवडक रुग्णांत, स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा मेंदू दिसत असेल तर, २४ तासांपर्यंतही. मोठी वाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा एक हिशेब आहे. अकरा ते संध्याकाळ हा वेळ त्यात मोजून पाहा म्हणजे आईच्या अवस्थेचं बरंच उत्तर मिळेल. घरच्यांना दोष द्यायला हे लिहीत नाही. पुढच्या वेळी, तुमच्या घरी किंवा शेजारी, हे कामी यावं म्हणून लिहितोय.

हा उशीर बायकांच्या वाट्याला जास्त येतो का? बऱ्याच अभ्यासांत तसं दिसतं, आणि कारणं एकात एक गुंतलेली आहेत. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलेलं ही खूणगाठीची लक्षणं दोघांतही सर्वांत जास्त दिसतात. पण बायकांत त्यांच्या जोडीला, किंवा क्वचित त्यांच्याऐवजी, गोंधळ, सर्वांगाला गळाठा आणणारी अशक्तता, डोकेदुखी, भोवळ असं काहीबाही जास्त सापडतं. मग ‘टेन्शन घेतलं असेल’, ‘उपास होता’, ‘बीपी लो झालं असेल’ हे निष्कर्ष तयारच असतात, आणि ते काढणारे सगळे घरचेच असतात असंही नाही. आमच्या पेशातही तरुण बाई डोकेदुखी-चक्कर घेऊन आली की तिची लक्षणं मनाचे खेळ समजून परत पाठवण्याची खोड आहे. शिवाय वयस्कर बाई पुष्कळदा एकटी असते. नवरा आधी गेलेला, मुलं पुण्याला. तिला झटका केव्हा आला हे सांगायलाच कुणी नसतं. आमचं घड्याळ मात्र ‘शेवटची ठणठणीत कधी पाहिली’ तिथून सुरू होतं. रात्री दहाला झोपली आणि सकाळी सातला अशी सापडली, तर आमच्यासाठी ते नऊ तास.

पोचल्यावरही एक वळण असतं. “तिचं वय झालंय, एवढं महागडं इंजेक्शन देऊन उपयोग होईल का?” हा प्रश्न मला बाईच्या नातेवाइकांकडून जास्त ऐकू येतो. आणि “दादा निघालाय पुण्याहून, आला की सही करील” हेही. उपयोगाबद्दल पुरावा स्पष्ट आहे. हे इंजेक्शन न मिळालेल्या बायका पुरुषांपेक्षा वाईट अवस्थेत राहतात, आणि मिळालेल्या बायकांत ही दरी बरीच बुजते. म्हणजे उपचाराचा फायदा बायकांना कमी होतो हे खरं नाही. अजून एक शंका दबक्या आवाजात विचारली जाते: पाळी चालू असताना हे इंजेक्शन चालतं का? चालतं. रक्तस्राव थोडा वाढू शकतो, आधीपासूनच फार जास्त जात असेल तर डॉक्टरांना सांगायचं, पण पाळी आहे म्हणून उपचार थांबवायचे नसतात.

आतापर्यंतचं थोडक्यात असं. बायकांना झटका उशिरा वयात येतो, तोवर अंगात दुखणी जमलेली असतात, अनियमित ठोक्यांमुळे तो मोठा असतो, आणि दवाखाना लांब पडतो. निरनिराळ्या देशांतल्या नोंदी एकत्र करून वय, झटक्याची तीव्रता आणि आधीची तब्येत यांचा हिशेब वजा केला, तर मृत्यूच्या प्रमाणातला फरक नाहीसा होतो, कधी उलटतोसुद्धा. अपंगत्वातला फरक मात्र घटतो, पण पूर्ण जात नाही. हा उरलेला फरक कुठून येतो यावर वाद आहे. मला विचाराल तर त्यातला बराचसा घरातून येतो.

बाबांना लकवा झाला तेव्हा त्यांना सकाळी उठवून व्यायाम करून घेणारं कोण होतं? त्यांच्या गोळ्यांच्या वेळा कुणाच्या डोक्यात होत्या? बहुधा आईच्या. आता आईला झटका आला तेव्हा ते काम करणारी बाईच पलंगावर आहे. बाबा थकलेले, सून नोकरीवर, आयाबाई दर महिन्याला बदलणारी. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण मांडणीच अशी असते. किती घरांत मी पाहतो, नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला येतात आणि बायको तिच्या एक दिवसाआड घेते, कारण ‘मला तसा काही त्रास नाही बाप्पा’.

फिजिओथेरपीतही हेच होतं. बायका, विशेषतः गावाकडच्या वयस्कर बायका, पुरुष फिजिओथेरपिस्टसमोर अंग चोरून बसतात. साडी सरकेल, पाय उघडा पडेल म्हणून व्यायाम अर्धवट होतो, आणि फाइलवर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ अशी नोंद पडते. सलवार किंवा सैल पायजमा घाला, शक्य असेल तर महिला फिजिओथेरपिस्ट शोधा. धंतोली-रामदासपेठेत त्या मिळतात. वाचा गेलेल्या माणसाला सूचना कळत नाहीत, कळल्या तरी सांगता येत नाही, म्हणून वाचा गेलेल्यांची हाता-पायांची सुधारणाही मागे पडते. मराठीत काम करणारा स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा जरी मिळाला तरी फरक पडतो. आणि सहा महिने झाले म्हणजे आता काही होणार नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो, हे खरं. पण पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासापर्यंत एवढी मजल वर्षभरानंतरही गाठलेली मी पाहिली आहे. बाईसाठी हा संडासापर्यंतचा प्रवास फार मोठी गोष्ट असते. डायपरची लाज अनेकींना पाणी प्यायचं टाळायला लावते, त्यातून लघवीचा संसर्ग, त्यातून ताप, आणि परत चार पावलं मागे.

नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, आलंय का ते तपासून घ्या. स्ट्रोकनंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना ते गाठतं, बायकांना जास्त. बोलता न येणारी बाई रडते तेव्हा ‘आजाराने रडतेय’ म्हणून सोडून दिलं जातं. ती जेवत नसेल, व्यायामाला नाही म्हणत असेल, पहाटे जागी राहत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. औषधाने यात सुधारणा होते.

एक उपसूचना देऊन पुढे जातो. कुणी कबुतराचं रक्त चोळायला किंवा अमुक गावच्या झाडपाल्याला न्यायला सांगेल. वाद घालू नका, पण चालू असलेली गोळी बंद करू नका.

आता बहीण. तिच्याबाबतीत पहिला प्रश्न एकच: डोकं दुखायला लागण्याआधी डोळ्यांपुढे चमचमत्या वेड्यावाकड्या रेषा, आंधळा ठिपका, किंवा हाताला-ओठाला मुंग्या असं काही पाच ते साठ मिनिटं होतं का? याला ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या अर्धशिशीत गुठळीच्या स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट असतो. त्यात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन असलेली गर्भनिरोधक गोळी पडली की तो आणखी चढतो. युरोपातल्या डोकेदुखीच्या आणि गर्भनिरोधनाच्या तज्ज्ञ संघटनांनी २०१७ साली मांडलेला अंदाज असा. २० ते ४४ वयाच्या, अर्धशिशी नसलेल्या, गोळी न घेणाऱ्या एक लाख बायकांत वर्षाला अडीच जणींना स्ट्रोक होतो. ऑरा असलेल्या, पण गोळी न घेणाऱ्यांत सहाच्या आसपास. ऑराही आहे आणि हार्मोनची गोळीही आहे, अशांत सुमारे ३७. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. लाखात ३७ म्हणजे घाबरून रात्र जागवावी असं काही नाही. पण अडीचवरून ३७, आणि पर्याय सहज उपलब्ध असताना, हा धोका घ्यायचा कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांतही ऑरा असलेल्या बाईला इस्ट्रोजेनची मिश्र गोळी देऊ नये असंच आहे. माला-डी त्याच मिश्र जातीची. कॉपर-टी चालते, नुसत्या प्रोजेस्टेरॉनची गोळीही बहुतेकींना चालते. बहिणीला म्हणावं, गोळी मनाने आज बंद करून मोकळी राहू नकोस, या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि बदलून घे. ऑरा नसेल तर निर्णय बीपी, तंबाखू, वजन आणि वय यांवर ठरतो. मेडिकल स्टोअरमधून कित्येक वर्षं गोळी घेणाऱ्या बायकांचं बीपी एकदाही मोजलेलं नसतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

दुसरी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. महालक्ष्म्या आणि नवरात्र आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचा खप वाढतो, आणि पुढच्या काही आठवड्यांत मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी झालेल्या तरुण मुली आमच्याकडे येतात. सगळ्याच घेणाऱ्यांना हे होत नाही, फार थोड्यांना होतं. पण ज्यांच्यात रक्त गोठण्याचा कल आधीच आहे, पंडुरोग आहे, निर्जळी उपास चालू आहेत, त्यांना ही गोळी महागात पडू शकते. हा स्ट्रोक वेगळा असतो. धमनीतला झटका क्षणात येतो, हा दिवसागणिक चढत जातो. रोज वाढणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणं, मग फिट, मग हात-पाय लुळे. याच्या रुग्णांत चारातल्या तीन बायका असतात. नुसत्या सीटी स्कॅनमध्ये तो निसटू शकतो, शिरांचा स्कॅन मागावा लागतो. उपचार ऐकून नातेवाईक दचकतात: मेंदूत थोडं रक्त आलेलं दिसत असतानाही आम्ही रक्त पातळ करणारं हेपॅरिन देतो, कारण ते रक्त शिर तुंबल्यामुळेच आलेलं असतं. वेळेत निदान झालं तर पाचातल्या चार जणी जवळपास पूर्ण बऱ्या होतात. लकव्याच्या आजारात एवढी चांगली बातमी मला क्वचितच देता येते.

बाळंतपणाचा काळ याच पठडीतला. धोका सर्वाधिक असतो तो गरोदरपणात नव्हे, तर बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत, आणि शेपूट बारा आठवड्यांपर्यंत जातं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, खोली बंद ठेवायची, अंगावर घोंगडी घालायची ही पद्धत नागपूरच्या उन्हाळ्यात शिरांमध्ये गुठळी व्हायला आमंत्रण आहे. पाणी भरपूर द्या. बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातं, म्हणजे नेमकं दवाखान्यातून घरी आल्यावर. त्या दिवसांत जोरदार डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बीपी मोजा. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० गाठला तर सकाळची वाट पाहायची नाही.

बहिणीला मूल असेल तर आणखी एक विचारा: गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, लघवीतून प्रथिनं गेली होती का? प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या बायकांना पुढल्या आयुष्यात स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट असतो. बाळंतपणाची फाइल बासनात जाते आणि पन्नाशीत फिजिशियनसमोर बसलेल्या बाईला हे कुणी विचारत नाही. तसंच पिशवीच्या ऑपरेशनचं. आपल्याकडे पस्तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या बायका गावोगाव आहेत. सोबत अंडाशयही काढले का हे त्यांना ठाऊक नसतं. पाळी ४५च्या आत कायमची गेली, आपोआप किंवा ऑपरेशनने, तर पुढे धोका वाढतो, आणि बीपी-शुगरवर लवकर लक्ष ठेवावं लागतं. पाळी गेल्यानंतर घ्यायच्या हार्मोन्सबद्दल: अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने २००२ साली गोळ्यांमुळे स्ट्रोक वाढतो हे दाखवलं. वय, डोस, गोळी की पट्टी, यावर हा हिशेब बदलतो, म्हणून ते वैयक्तिक ठरवावं.

मधुमेहाचंही असंच. तो स्ट्रोकचा धोका पुरुषांत साधारण १.८ पट करतो आणि बायकांत २.३ पट. त्याच साखरेची किंमत बाई जास्त मोजते. कारणं पूर्ण उलगडलेली नाहीत. निदान होईपर्यंत त्यांचं वजन आणि बीपी जास्त बिघडलेलं असतं, हे त्यातलं एक.

आणि तुम्ही स्वतः. तुमच्या वयात धोका पुरुषांना जास्त असतो. आई किंवा वडिलांना ६५च्या आत स्ट्रोक झाला असेल तर मुलांचा धोका सुमारे तिप्पट असतो, असं अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घकालीन पाहणीत २०१० साली दिसलं. बाबा ५८चे होते, म्हणजे हे तुम्हाला लागू. बहिणीलाही तितकंच लागू. घराण्याचा आजार मुलाकडे येतो आणि मुलगी सासरी गेली की सुटते, असं रक्ताला कळत नाही. बाकी तुमच्या धोक्याचा मोठा भाग तुमच्या हातात आहे. ३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक या अभ्यासाने दहा सुधारण्याजोग्या कारणांवर जगातल्या सुमारे ९० टक्के स्ट्रोकचा भार टाकला, आणि त्यात बीपी पहिलं. खर्रा खात असाल तर सोडा. सुपारी-तंबाखू-चुन्याचं ते मिश्रण तोंडाच्या कॅन्सरसाठी बदनाम आहे, पण तंबाखू पोटात गेला की बीपी आणि ठोके वाढवतोच. दारू रोजची असेल तर तेही. रात्री घोरताना श्वास अडकतो असं बायको सांगत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. पुरुषांची खरी अडचण अशी की चाळिशीत त्यांना कुणी बीपी मोजायला बोलावत नाही. बायकांचं किमान बाळंतपणात तरी मोजलं जातं.

तुमच्याबद्दल आणि बहिणीबद्दल एवढं पुरे आहे. आईबद्दल मात्र पुढे नेमकं काही सांगायचं तर चार गोष्टी हव्यात: डिस्चार्ज कार्डावरच्या औषधांची पूर्ण यादी, ईसीजी, इकोचा रिपोर्ट, आणि मेंदूचा सीटी किंवा एमआरआय कोणत्या दिवशी, किती वाजता झाला ती वेळ. यादीत रक्त पातळ करणारी गोळी नसेल, फक्त ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल असेल, तर माझ्या उत्तराची वाट न पाहता तुमच्या डॉक्टरांना हेच विचारा: ठोके अनियमित असताना ही गोळी का नाही? ठोस कारण असू शकतं, स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला असेल, किडनी कमजोर असेल. पण ते कारण कागदावर लिहून घ्या.